आधी मुलाची वही, मग गणिताचं पुस्तक

एक मूल ५२ मधून २७ वजा करतं आणि उत्तर लिहितं ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घेतले, उरले पाच. पाचातून दोन गेले, उरले तीन. ही चूक निष्काळजीपणाची नाही. मुलानं आपल्यापुरता एक नियम बसवला आहे आणि तो ते मन लावून पाळतं आहे. घरी शिकणाऱ्या मुलासाठी गणिताचा अभ्यासक्रम निवडायला निघालेल्या तुम्हा सगळ्यांना माझी पहिली विनंती हीच, की आधी मुलाच्या वहीतली अशी दोन-चार पानं बाजूला काढा. पुस्तकं त्यानंतर उघडा.

कारण पुस्तकापुस्तकांतला खरा फरक अशा अडलेल्या जागीच दिसतो. एक पुस्तक सांगतं, शेजारून दहा उसने घ्या, आणि खाली वीस उदाहरणं देतं. दुसरं मुलाच्या हातात काड्या देतं: दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सात सुट्या बाजूला काढायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो, हे मुलाला स्वतःच्या हातांनी कळतं. मग त्याचं चित्र, आणि आकड्यांची मांडणी सगळ्यात शेवटी. आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह, या क्रमामागे जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाचा विचार आहे. सिंगापूरनं १९८० च्या दशकात आपली प्राथमिक गणिताची पुस्तकं याच धर्तीवर रचली, आणि आज 'सिंगापूर मॅथ' नावानं ही पद्धत घरी शिकवणाऱ्या पालकांमध्ये बरीच वापरली जाते. तिच्यातल्या पट्ट्यांच्या आकृत्या मला फार मोलाच्या वाटतात. दोघांकडे मिळून ४० मणी, एकाकडे दुसऱ्यापेक्षा १२ जास्त. मूल एक आखूड आणि एक लांब पट्टी काढतं, लांब पट्टीचा जास्तीचा तुकडा झाकतं, उरतात २८, म्हणजे एकेकाचे १४. झाकलेले १२ परत दिले की लांब पट्टीवाल्याचे २६. बीजगणिताचं एक अक्षरही न लिहिता मूल समीकरण सोडवून मोकळं होतं.

दुसरी वाट जॉन सॅक्सन यांची. अमेरिकी हवाई दलातून निवृत्त झाल्यावर ते बीजगणित शिकवू लागले आणि त्यातून त्यांची पुस्तकं घडली. त्यांच्या धड्यात नवी गोष्ट थोडीशीच असते. सरावातली बहुतेक उदाहरणं मागच्या धड्यांवरची असतात. आज शिकलेलं महिन्याभरात विसरणाऱ्या मुलाला अशा पुन्हा पुन्हा फिरून येणाऱ्या सरावाचा आधार मिळतो. पण एकाच विषयात खोल बुडी मारायला आवडणारं मूल इथे कंटाळतं. त्याला अपूर्णांक घेतले तर पाच-सहा आठवडे अपूर्णांकच हवे असतात. यातली अमुक पद्धत श्रेष्ठ असं मी म्हणणार नाही. तुमच्या मुलाला समजत नाही, की समजलेलं टिकत नाही? ते वहीवरून ओळखता येतं, आणि निवड त्यावर करावी.

आता तुमच्याबद्दल. घरी शिक्षक तुम्हीच असता, त्यामुळे पुस्तक तुम्हालाही शिकवणारं हवं. लिपिंग मा या संशोधिकेनं अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना एक प्रश्न विचारला होता: पावणेदोन भागिले अर्धा किती, आणि हा भागाकार लागेल असं एखादं शाब्दिक उदाहरण तयार करा. तिचं काम १९९९ साली प्रसिद्ध झालं. अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्याहून अधिक जणांना उत्तरापर्यंतही नीट पोचता आलं नाही, आणि बरोबर उदाहरण रचणारा जवळजवळ कुणीच निघाला नाही. कित्येकांनी 'अर्ध्यानं भागणे' आणि 'दोघांत वाटणे' यांची गल्लत केली. पावणेदोन मीटर फितीचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे किती तुकडे होतील, एवढंच तर विचारायचं होतं; उत्तर साडेतीन. म्हणून शिक्षक-पुस्तिका चाळताना थेट अपूर्णांकांच्या भागाकाराचं पान काढा. तिथे नुसतं 'छेद वर, अंश खाली, आणि गुणा' असेल, तर अडलेल्या दिवशी ती पुस्तिका तुमच्या कामाची नाही.

इयत्तेचा आकडा मात्र मनावर घेऊ नका. पुस्तकावर नऊ वर्षांच्या मुलांसाठी असं लिहिलेलं असलं, तरी प्रवेशचाचणी, म्हणजे मूल कोणत्या पातळीवर आहे हे तपासणारी चाचणी, सांगेल तिथूनच सुरुवात करा. मूल मागे पडेल ही भीती मी समजू शकते, पण एल. पी. बेनेझेट यांचा प्रयोग आठवावा. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर शहराच्या शाळांचे ते अधीक्षक. १९२९ पासून त्यांनी काही वर्गांत सहावीपर्यंत औपचारिक अंकगणित शिकवणंच थांबवलं. मुलं अंदाज बांधत, मोजमाप करत, घड्याळ वाचत, भरपूर बोलत. सहावीत रीतसर आकडेमोड सुरू झाल्यावर वर्षभरात ती इतरांच्या बरोबरीला आली. याचा अर्थ गणित सोडून द्या असा नाही. त्या मुलांचा संख्यांशी रोजचा संबंध होताच.

आणि दर तीन महिन्यांनी पुस्तक बदलू नका. प्रत्येक अभ्यासक्रमाचा क्रम वेगळा असतो: एकात दशांश आधी, दुसऱ्यात अपूर्णांक. मधेच उडी मारली की एखादा विषय दोनदा होतो आणि एखादा कायमचा निसटतो. बदलायचंच असेल तर चालू प्रकरण संपवा, नव्या पुस्तकाची प्रवेशचाचणी घ्या, आणि त्या पुस्तकानं गृहीत धरलेलं पण मुलाला न येणारं जे काही असेल ते आधी आठवडा-दोन आठवडे करून घ्या.