स्कोअरबुक कुणाच्या हातात?

नमस्कार. आजचा विषय तुम्ही मागे फलकावर वाचलाच असेल: क्रीडा उपक्रमांत दिव्यांग खेळाडूंना सामावून कसं घ्यायचं. मी तीन गोष्टींवर बोलणार आहे, जागा, नियम आणि माणसं. पण सुरुवातीला जरा हात वर करायला लावतो. शारीरिक शिक्षणाच्या तासाला एखाद्या दिव्यांग मुलाला तुमच्यापैकी किती जणांनी सांगितलंय, ‘तू बस इथे, स्कोअर लिही’?

बरेच हात आहेत. माझाही वर आहे. आपल्या मनात वाईट काही नसतं. पोराला वाईट वाटू नये, ते सगळ्यांत असावं, लागूबिगू नये, एवढंच. पण वर्षभर स्कोअर लिहिणारं मूल शिकतं काय? तर दुसऱ्यांचे गुण मोजायला. त्याला घाम येत नाही, त्याचा गुडघा फुटत नाही, त्याच्यावर कुणी ‘अरे, पास दे ना!’ म्हणून ओरडत नाही. ते ओरडणं ऐकायला मिळणं हा खेळातला केवढा मोठा मान आहे, हे ज्याला मिळालं नाही त्याला विचारा.

आता एक प्रसंग सांगतो. थोडा लांबेल, पण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

धावण्याच्या शिबिरात माझ्याकडे एक कर्णबधिर मुलगी यायची. 100 मीटर पळायची. पाय असे, की सरावाला एकटी पळाली तर आम्ही घड्याळाकडे दोनदा बघायचो. शर्यतीत मात्र दर वेळी मागे. मला वाटायचं, दडपण घेते. मी तिच्या पालकांनाही तसंच सांगितलं. एक दिवस ती मला हाताला धरून सुरुवातीच्या रेषेपाशी घेऊन गेली, खाली बसली आणि बोटाने मातीत रेघा ओढायला लागली. सहा लेन काढल्या. आडवी सुरुवातीची रेषा काढली. स्वतःच्या लेनमध्ये मात्र ती रेषा पुसली आणि वीतभर मागे नवी ओढली. मग माझ्याकडे बघत राहिली.

मला कळायला वेळ लागला. पिस्तुलाचा आवाज तिला येत नव्हता. शेजारची मुलगी हलली की ही हलायची. म्हणजे सगळ्या जणी रेषेवरून सुटायच्या आणि ही एकटी मागून. अख्खं वर्ष मी तिचं ‘दडपण’ घालवत होतो.

आम्ही आधी झेंडा आणला. सुरुवात करून देणारे सर बाजूला उभे राहून झेंडा खाली करणार, ती बघून पळणार. झालं काय, की ठोकळ्यावर बसलेल्या धावपटूची मान खाली असते. झेंडा बघायला हिने मान वर केली, की पाठ उचलायची आणि पहिली दोन पावलं उभ्यानेच पडायची. म्हणजे एक अडचण काढून आपण दुसरी दिली! शेवटी दिवा जमिनीवर ठेवला, तिच्या बोटांच्या थोडं पुढे, मान खाली असतानाही दिसेल असा. पिस्तूल वाजायचं त्याच क्षणी दिवा लागायचा. त्या दिवशी ती सगळ्यांबरोबर सुटली आणि चौथी आली. आणि काय चिडली! बाटली आपटली, कुणाशी बोलली नाही. मला इतका आनंद झाला. ती पहिल्यांदा खरोखर हरली होती.

पुढे एका स्पर्धेत आम्ही हाच दिवा घेऊन गेलो. तिथल्या पंचांनी नकार दिला. कारण काय, तर ‘बाकीच्यांवर अन्याय होईल.’ मी म्हटलं, सहाही लेनमध्ये दिवे लावा, सगळ्यांनी बघा. नाही म्हणाले. ती पळाली, शेजारणीचे पाय बघत. ही गोष्ट मी जिथे बोलायला उभा राहतो तिथे सांगतो, आणि सांगत राहणार आहे.

कारण यात खरा प्रश्न असा आहे: या खेळाचा जीव कुठल्या नियमात आहे, आणि कुठला नियम नुसती सवय आहे? 100 मीटरचा जीव ‘सगळ्यांनी एकाच क्षणी सुटायचं’ यात आहे. आवाज ही सवय. व्हीलचेअर टेनिस बघा. कोर्ट तेच, जाळी तीच, रॅकेट तीच. बदल एकच, चेंडूचे दोन टप्पे चालतात, आणि दुसरा टप्पा रेषेबाहेर पडला तरी चालतो. एवढ्यावर व्हीलचेअरवरचा आणि उभा खेळाडू एकमेकांशी खेळू शकतात. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये तर रिंग तेवढ्याच उंचीवर आहे, 3.05 मीटर. कुणी खाली आणली नाही, कारण त्या खेळाचा जीवच त्या उंचीत आहे.

आणि गोलबॉल! 1946 साली युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी हा खेळ तयार झाला. चेंडू सव्वा किलोचा, आत घुंगरं. प्रत्येक बाजूला तिघं. ज्यांना थोडं दिसतं त्यांच्याही डोळ्यांवर पट्टी, म्हणजे सगळे सारखे. मैदानाच्या रेषांखाली दोरी घालून वर टेप लावतात, खेळाडू बोटांनी चाचपून आपली जागा ओळखतो. आणि खेळ चालू असताना प्रेक्षकांनी एक शब्द काढायचा नाही. आपल्याकडच्या प्रेक्षकांना ही सगळ्यात अवघड अट! पण एकदा त्या शांततेत बसून बघा. चेंडू येताना ऐकू येतो आणि आपणही डोळे मिटून घेतो.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे तीन मुद्दे आता धावतच घ्यावे लागणार.

जागा. उताराचं प्रमाण 1:12 धरा, एक फूट चढायला बारा फूट लांबी. पण उतार बांधून थांबू नका. मैदानापासून स्वच्छतागृहापर्यंत स्वतः व्हीलचेअर ढकलत जा. बहुतेक उपक्रम मैदानावर अडत नाहीत, स्वच्छतागृहाच्या दारात अडतात. मूल सकाळपासून पाणी पीत नाही आणि आपण म्हणतो, लवकर दमतं.

नियम. मघाशी बराच बोललो. एकच जोडतो. संघ मिसळताना गुणांकनाची पद्धत वापरता येते. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये खेळाडूच्या हालचालीच्या क्षमतेनुसार त्याला 1.0 ते 4.5 गुण असतात, क्षमता जेवढी कमी तेवढे गुण कमी, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात मैदानावरच्या पाच जणांची बेरीज 14 च्या वर जाऊ शकत नाही. म्हणून जास्त अपंगत्व असलेला खेळाडू संघाला हवाच असतो, त्याला कुणी दया म्हणून घेत नाही. आणि मिसळणं हा एकच मार्ग समजू नका. काहींना स्वतःसारख्या दिव्यांग खेळाडूंबरोबरच खेळायचं असतं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारातलं तिसावं कलम दोन्ही मान्य करतं, सर्वसाधारण खेळांत सहभाग आणि दिव्यांगांसाठीचे स्वतंत्र खेळही. निवड खेळाडूची.

माणसं. प्रशिक्षण आधी प्रशिक्षकाला द्या. दृष्टिहीन धावपटूबरोबर पळणाऱ्या मार्गदर्शकाने दोघांना जोडणारी दोरी ओढायची नसते, पावलाला पाऊल जुळवायचं असतं, आणि ते जमायला महिनेच्या महिने जातात. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कुणाला तरी उभं करून होत नाही. आणि काहीही ठरवण्याआधी त्या खेळाडूला विचारा. माझ्या त्या मुलीला मी पहिल्या दिवशी विचारलं असतं, तर तिचं एक वर्ष वाचलं असतं.

आजच्या या सभागृहाचं दार मी येताना टेपने मोजलं, 72 सेंटिमीटर भरलं. बऱ्याच व्हीलचेअर तेवढ्यात अडकतात. संयोजकांना सांगितलंय, ते बघतो म्हणालेत. टेप माझ्याकडे आहे. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी त्या दारापाशीच या, स्वच्छतागृहाचंही दार मोजून घेऊ.