सेल गेला की बेस गेला?

(दृश्य: एप्रिल महिना, दिवेलागणीची वेळ. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात निळ्या कापडाचा मांडव. स्टेजवर वायरींचा गुंता.)

निवेदन : भीमजयंती म्हणजे मराठवाड्यातल्या ऑर्केस्ट्रांची सुगी. १४ एप्रिल झाली म्हणून ती संपत नाही. गावोगावची मंडळं तारखा वाटून घेतात आणि भीमगीतांचे कार्यक्रम मे महिन्यातही चालू राहतात. स्टेजवर ढोलकी, ऑक्टोपॅड, की-बोर्ड आणि कडेला उभा बेस गिटारवाला. त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. आवाज गेला की मात्र सगळ्या माना तिकडेच वळतात.

"मामा, आवाजच येईना."

"पिन हालवून बघ."

"बघितली."

"मग सेल कव्हा बदलला व्हता?"

(दृश्य: गिटारच्या पाठीवरचं छोटं झाकण उघडतं. आत ९ व्होल्टचा चौकोनी सेल. मल्टिमीटरच्या काड्या त्याला टेकतात.)

निवेदन : नवा सेल मीटरवर साडेनऊच्या आसपास दाखवतो. तो सात-साडेसातच्या खाली घसरला की जोरात छेडलेली तार फाटल्यासारखी वाजते, आणि पुढे आवाजच बंद. हा झाला ॲक्टिव्ह बेस. आत सेलवर चालणारा छोटा प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारं सर्किट, असतो. त्याच्या नॉबने खर्ज आणि ट्रेबल वाढवताही येतात, कमीही करता येतात.

पॅसिव्ह बेसमध्ये यातलं काही नाही. चुंबक, त्यावर बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे (हाच पिकअप), दोन-तीन नॉब आणि एक कपॅसिटर. त्याचा टोन नॉब फक्त वरची धार कापतो. नसलेलं काही घालणं त्याच्या हातात नाही.

अमेरिकेतले गिटार बनवणारे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेला प्रिसिजन बेस पॅसिव्हच होता. पुढे १९७६ मध्ये म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे आला, तोही त्यांच्याच हातचा, आणि ॲक्टिव्ह बेस कारखान्यातून मोठ्या संख्येने निघू लागले. आज स्वस्तातल्या गिटारींमध्येही दोन्ही प्रकार मिळतात. स्क्वायर ॲफिनिटी पॅसिव्ह. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ पॅसिव्ह, ३०४ ॲक्टिव्ह आणि बराच महाग. आयबानेझचा एसआर ३०० ॲक्टिव्ह.

मग घ्यायचा कोणता? ऐकणारे लगेच आवाजाच्या पोताबद्दल बोलू लागतात. आमच्या मते आधी बघायचं ते वेगळंच: तुमच्या गिटारची वायर जाते कुठे?

(दृश्य: स्टेजवरून निघालेली काळी वायर प्रेक्षकांच्या कडेने मिक्सरच्या टेबलापर्यंत.)

निवेदन : बेससाठी वेगळा ॲम्प आपल्याकडच्या मांडवात क्वचितच दिसतो. गिटारची वायर सरळ मिक्सरमध्ये खोचली जाते. पॅसिव्ह पिकअपचा सिग्नल नाजूक असतो. त्याला पुढे साधारण दहा लाख ओहमचा इनपुट लागतो. मिक्सरचा लाइन इनपुट असतो दहा-वीस हजार ओहमचा. तिथे पिकअपवर भार पडतो, आवाज दबतो, धार जाते. त्यात वीस मीटर वायर असेल तर वायरची स्वतःची कपॅसिटन्स उरलीसुरली चमक खाते. मिक्सरवाला गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) चढवतो, आणि गेनबरोबर खरखरही चढते.

ॲक्टिव्ह बेस खरा कामाला येतो तो इथे. प्रीॲम्पमधून निघालेला सिग्नल दणकट असतो. वायर लांब असली, इनपुट कसाही असला तरी तो फारसा ढळत नाही.

पण हेच काम डीआय बॉक्सही करतो. मुठीत मावेल एवढी पेटी. गिटारची छोटी वायर तिच्यात, आणि पुढे मिक्सरपर्यंत माईकची तीन पिनांची केबल. पॅसिव्ह बेसला ॲक्टिव्ह डीआय घ्यावा. त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर मिळतो, म्हणजे सेलची कटकट नाही. मिक्सरवर फँटमचं बटण आहे ना, एवढं आधी विचारून ठेवा. डेट्रॉइटच्या मोटाऊन स्टुडिओत जेम्स जेमर्सन साठच्या दशकात प्रिसिजन बेस असाच डीआयमधून थेट वाजवत. त्या गाण्यांत खर्ज कमी पडला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

(दृश्य: जनरेटर. एलईडी पार लाइटांची रांग. स्पीकरमधून एकसुरी गुणगुण.)

निवेदन : ही गुणगुण ५० हर्ट्झ विजेची. ॲक्टिव्ह घेतला की ती जाते, असा समज आहे. जात नाही. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीच्या, पिकअपने पकडलेला हम (ही गुणगुण) प्रीॲम्प इमानदारीने मोठा करून पुढे पाठवतो. हम मारायला दुहेरी कॉइल लागते, किंवा प्रिसिजनसारखा दोन तुकड्यांचा पिकअप. आणि मांडवात अर्थिंगच नसेल तर बिचाऱ्या गिटारला दोष देऊन काय उपयोग? दोन यंत्रांच्या अर्थिंगच्या वळशातून येणारा हम मात्र डीआयवरच्या ग्राउंड लिफ्टच्या खटक्याने बऱ्याचदा तुटतो.

खर्जाच्या नॉबबद्दलही थोडं. हातात आला की तो पूर्ण फिरवायचा मोह होतो. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची. मांडवातले छोटे बॉक्स एवढं खाली नीट वाजतच नाहीत. ॲम्पची ताकद मात्र तिथेच खर्ची पडते आणि गायकाचे शब्द बुडतात. कानाला तार ओळखू येते ती ८०-१२० हर्ट्झच्या वरच्या स्वरांवरून.

(दृश्य: टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. सोल्डरिंगचा धूर.)

निवेदन : दुरुस्तीचं गणितही बघा. पॅसिव्ह बेसचा २५० किलोओहमचा पॉट (नॉबखालचा भाग) खराब झाला तर सेलू, गंगाखेड, कुठलाही रेडिओवाला नवा टाकून देईल. स्वस्त प्रीॲम्पचा बोर्ड गेला तर बहुधा आख्खाच बदलावा लागतो, आणि तो मागवावा लागतो.

म्हणून बजेट तंग असेल तर आमचा कौल पॅसिव्हला. वाचलेले पैसे डीआय बॉक्सला. रोज नवा मांडव, नवा मिक्सरवाला आणि डीआयची खात्री नाही, अशांनी ॲक्टिव्ह घ्यायला हरकत नाही. वाजवून झालं की जॅक मात्र काढायचाच. जॅक आत असेपर्यंत प्रीॲम्प चालूच असतो. रोज रात्रभर खोचून ठेवलेला जॅक हळूहळू सेल पिऊन टाकतो.

आणि दुकानात एक परीक्षा घ्या. सेल काढून गिटार वाजवून दाखवायला सांगा. काही ॲक्टिव्ह बेसवर पॅसिव्हचा खटका असतो, तो टाकला की सेलविना आवाज येतो. पुष्कळ स्वस्त मॉडेलवर तो नसतो. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या.