सव्वा मिलिग्रॅम

समोर आहे ती आमच्या स्वयंपाकघरातली स्टीलची ताटली, आणि तिच्यात पाच मिलिग्रॅमची एक पांढरी गोळी. आई ती कटरमध्ये बसवते, झाकण दाबते, दोन तुकडे होतात. त्यातला एक ती पुन्हा कापते. ताटलीत सांडलेली, चिमटीतही न येणारी भुकटी ती बोटाच्या टोकाने टिपून जिभेवर ठेवते. एवढ्याशा भुकटीनेही फरक पडतो, हे गेल्या वर्षभरात आमच्या घराला कळले आहे.

बाबा गेल्यानंतर आईला नैराश्याने घेरले. मानसोपचारतज्ज्ञांनी तिला एस्सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचे औषध सुरू केले, रोज दहा मिलिग्रॅम, आणि त्या गोळीच्या आधाराने ती पुन्हा उठून कामाला लागली, ही गोष्ट मला सर्वांत आधी सांगायची आहे. तीन वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी काळजीपोटीच म्हटले, “आता बरी आहेस ना? मग कशाला जन्मभराची सवय लावून घेतेस?” दुसऱ्या दिवसापासून आईने गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारले नाही, मलाही सांगितले नाही.

चौथ्या दिवशी चकल्या पाडता पाडता ती ओट्याला धरून उभी राहिली. “मान वळवली की डोक्यात करंट बसतो गं,” ती म्हणाली. चक्कर, मळमळ, रात्री भीतिदायक स्वप्ने, क्षुल्लक कारणावरून येणारे रडू. आम्ही सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ लावला, की आजार उलटला. डॉक्टरांनी फोनवर विचारले, “हे करंट पूर्वी, आजारपणात, कधी बसायचे का?” तसे कधीच झाले नव्हते. त्यांच्या सांगण्यावरून गोळी पुन्हा सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांत सारे शमले.

औषध एकाएकी थांबवल्याने होणारा त्रास आणि परतलेला आजार यांत गल्लत होते, ती अशी. औषध सुटल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो, त्यात करंटसारख्या पूर्वी नसलेल्या तक्रारी असतात, आणि गोळी पुन्हा घेतली की तो सहसा लवकर ओसरतो. आजार मात्र साधारणपणे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू, आपल्या जुन्या रूपात परततो. सीमारेषा प्रत्येक वेळी इतकी स्पष्ट नसते, म्हणूनच हा निवाडा घरच्यांनी करू नये. आणि ‘सवय’ हा शब्द इथे अन्याय करणारा आहे. आईला गोळीची तल्लफ कधी आली नाही, डोस वाढवावासा वाटला नाही. तीन वर्षांत तिच्या मेंदूने त्या औषधाशी जुळवून घेतले होते आणि ती घडी उलगडायला वेळ लागतो, एवढेच.

ही घडी उलगडताना शेवटचा टप्पाच का अवघड जातो, याचे एक उत्तर मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात मांडले. होरोविट्झ स्वतः मानसोपचाराचे अभ्यासक, आणि हा त्रास त्यांनी स्वतःही भोगलेला. मेंदूत सेरोटोनिन हे निरोप वाहणारे रसायन परत शोषून घेणारी जी वाहक प्रथिने असतात, त्यांतली किती या औषधाने अडवली जातात, हे मेंदूच्या प्रतिमांवरून मोजता येते. सिटालोप्रॅम या त्याच गटातल्या औषधाच्या २० मिलिग्रॅमला, म्हणजे ढोबळमानाने आईच्या दहा मिलिग्रॅम एस्सिटालोप्रॅमला, सुमारे ८० टक्के प्रथिने अडतात. डोस निम्मा केला तर हा आकडा निम्मा व्हायला हवा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो ७० टक्क्यांच्या आसपासच राहतो. मूळ डोसाच्या अवघ्या आठव्या हिश्श्यालाही, म्हणजे सव्वा मिलिग्रॅमलाही, तो ४० टक्क्यांच्या जवळ असतो. म्हणून दहावरून पाचवर येणे पुष्कळांना सोपे जाते, आणि ज्याला आपण ‘आता काय, नावालाच उरली आहे’ म्हणतो, तो शेवटचा तुकडा सोडताना पाय घसरतो.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने जून २०२२ मध्ये दिलेली मार्गदर्शक सूचना याच दिशेची आहे: प्रत्येक वेळी आधीच्या डोसाच्या प्रमाणात घट करावी, डोस लहान होत जाईल तशी घटही लहान करावी, गोळीचे तुकडे पुरेसे पडत नसतील तर द्रवरूप औषधाचा विचार करावा. आपल्याकडे सर्रास चालणारी ‘एक दिवसाआड घ्या’ ही पद्धत मात्र बहुतेक गोळ्यांना लागू पडत नाही, कारण रक्तातली पातळी रोज वरखाली होत राहते. नैराश्यावरच्या औषधांपैकी पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांचा त्रास अधिक जाणवतो. फ्लुऑक्सेटिन अनेक दिवस रेंगाळते. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कापूच नयेत.

हा त्रास सर्वांनाच होतो, असेही नाही, आणि ते न सांगणे म्हणजे भीती पसरवणे होईल. २०२४ मधल्या एका मोठ्या आढाव्यानुसार औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणे जाणवली, पण तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली गोळी थांबवणाऱ्यांतही १७ टक्क्यांना ती जाणवली होती. आजार परतण्याचा धोका मात्र खरा आहे. दीर्घकाळ औषध घेऊन बऱ्या झालेल्या ब्रिटनमधल्या रुग्णांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षभरात औषध थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा आणि चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा आजार उलटला. काहींनी औषध चालू ठेवणेच हिताचे असते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

दुसऱ्या खेपेला आईने डॉक्टरांसमोर बसून वेळापत्रक आखले. दहा, साडेसात, पाच, आणि प्रत्येक टप्प्यावर किमान चार आठवडे. पाचवरून अडीचवर येताच करंट परत आले, तेव्हा डॉक्टरांनी तिला पावणेचारवर नेले आणि दोन महिने तिथेच थांबवले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती रोज झोप आणि चक्कर यांची खूण करते. मामीच्या घरच्या लग्नाच्या महिन्यात डोसाला हात लावायचा नाही, हे तिने स्वतःच ठरवले. आता घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की ती काय करते आहे. मरणाचे विचार आले तर पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही, हेही मोकळेपणाने बोलून झाले आहे. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल तिथे ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. डोस मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

ताटलीतला हा तुकडा सव्वा मिलिग्रॅमचा आहे. आई तो पाण्याबरोबर घेते, उरलेले तुकडे डबीत ठेवते आणि दिनदर्शिकेतल्या आजच्या चौकटीत एक बारीक टिंब काढते. पुढची भेट सोमवारी आहे.