प्सेफोस: मताचा खडा

ही काशाची चकती नीट बघा. तळहातावर सहज मावेल एवढी. मधोमध आरपार आस, भिंगरीला असतो तसा. अथेन्सच्या अगोरातल्या, म्हणजे प्राचीन बाजारचौकातल्या, संग्रहालयात अशा कितीतरी चकत्या जपून ठेवल्या आहेत. काहींवर अक्षरं कोरलेली दिसतात, 'प्सेफोस देमोसिया'. देमोसिया म्हणजे सार्वजनिक. आणि प्सेफोस म्हणजे खडा. नदीकाठी सापडतो तसला साधा, गुळगुळीत खडा.

आधी न्यायसभेत खरोखरचे खडे टाकत. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात या चकत्या वापरात होत्या, पण नाव खड्याचंच राहिलं.

आता ही दुसरी चकती. हिचा आस पोकळ आहे, पहिलीचा भरीव. निवाड्याला बसलेल्या प्रत्येक नागरिकाच्या हातात दोन्ही द्यायचे. पोकळ ती फिर्यादीची, भरीव ती आरोपीची. आसाची दोन्ही टोकं अशी चिमटीत धरली, की कोणती कुठे गेली हे शेजाऱ्यालाही कळू नये. मोजायची ती काशाच्या घटात, उरलेली लाकडी घटात. खटला मोठा असेल तर पाचशे एक माणसं ओळीने येत, आणि प्रत्येकाची चिमूट झाकलेली. मत गुप्त राहावं म्हणून केवढी ही कारागिरी!

इथून थेट ऑक्सफर्ड. इतिहासाचे अभ्यासक आर. बी. मॅकॅलम ब्रिटनच्या निवडणुका अभ्यासत होते, पण त्या अभ्यासाला नाव नव्हतं. १९४८ साली त्यांनी ग्रीक तत्त्वज्ञानाचे जाणकार डब्ल्यू. एफ. आर. हार्डी यांना विचारलं. हार्डींनी हाच खडा उचलून दिला. प्सेफोसवरून सेफॉलॉजी. १९५२ मध्ये निवडणुकांचे ब्रिटिश अभ्यासक डेव्हिड बटलर यांच्या पुस्तकातून तो शब्द छापून आला. आज पडद्यावर मतदानाआधीच आकडे सांगणाऱ्यालाही आपण सेफॉलॉजिस्ट म्हणतो. पण या शास्त्राचं खरं काम खडा पडल्यावर सुरू होतं. कुठल्या भागात, कुणाकडून, किती मतं सरकली, त्याची खडान्‌खडा माहिती काढायची. बटलर यांनी पुढे अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांच्यासह भारतातल्या निवडणुकांचीही अशी मांडणी केली, १९८४ साली.

आणि ही पोलादी पेटी. १९५१-५२, आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक. मतदार १७ कोटींहून जास्त, त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही. म्हणून दर उमेदवाराची पेटी वेगळी, वर त्याचं चिन्ह. अशा लाखो पेट्या मुंबईत विक्रोळीला तयार झाल्या. मतपत्रिकेवर खूण करायची नसे. ती घेऊन बाई आडोशाला जायची, चिन्ह बघायची, पत्रिका फटीतून आत सोडायची. कुठल्या पेटीत, ते तिलाच ठाऊक.