पाच लाख पौंडांची लाल होंडा

(दृश्य : तांबड्या रंगाच्या बुटक्या, रुंद गाडीचे जुने छायाचित्र. हळूहळू पुढच्या बाजूकडे सरकणारा कॅमेरा.)

2024 साली ब्रिटनमध्ये होंडा कंपनीची 1991 सालची एनएसएक्स ही एक लाल स्पोर्ट्स गाडी विक्रीस निघाली आणि तिच्यासाठी पाच लाख पौंड मागण्यात आले. त्या वेळच्या दराने ही रक्कम साडेपाच कोटी रुपयांच्या आसपास जाते. याच वयाची, याच बनावटीची आणि चांगली राखलेली दुसरी एनएसएक्स याच्या पाव किमतीतही मिळू शकली असती. उरलेली किंमत मागितली जात होती ती एका नावासाठी, आणि ते नाव होते ब्राझीलचा फॉर्म्युला वन शर्यतचालक आयर्टन सेन्ना.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ज्याने कधी जुनी गाडी घेतली आहे, त्याला हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. ‘सिंगल हँड आहे, डॉक्टरांची गाडी आहे, फक्त दवाखाना ते घर एवढीच चाललेली आहे’ हे वाक्य ऐकवून दलाल किमतीत वीस-पंचवीस हजार चढवतो, आणि आपणही ते फारशी चौकशी न करता मान्य करतो. सेन्नाच्या गाडीचे गणित मुळात हेच आहे. मात्र आकडा कोटींमध्ये गेला की चौकशी टाळून चालत नाही. ही गाडी त्याची म्हणजे नेमकी कोणत्या अर्थाने त्याची, आणि ते कशावरून, या दोन प्रश्नांवर सगळी किंमत उभी आहे.

(दृश्य : सुझुका येथील धावपट्टीचा नकाशा. त्यानंतर एनएसएक्सच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे चित्र.)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जपानमध्ये सुरू होते. सुझुका येथील धावपट्टी होंडाने 1962 साली आपल्या गाड्यांच्या चाचणीसाठी बांधली, आणि योगायोग असा की सेन्नाची तिन्ही विश्वविजेतेपदे, म्हणजे 1988, 1990 आणि 1991 सालची, याच धावपट्टीवर निश्चित झाली. तिन्ही वेळी तो मॅकलारेन या संघाच्या गाडीत होता आणि त्या गाडीत होंडाचे इंजिन होते. 1989च्या सुरुवातीला तो सुझुकाला शर्यतीच्या गाडीच्या चाचणीसाठी आला असताना होंडाच्या अभियंत्यांनी त्याला एनएसएक्स या आपल्या रस्त्यावर चालवायच्या नव्या गाडीचा नमुना चालवायला दिला. गाडी थोडी नाजूक वाटते, असे त्याचे मत पडले. जगातल्या सर्वांत वेगवान चालकाने पाहुणा म्हणून चार गोड शब्द बोलून निघून जाणे सहज शक्य होते, आणि कंपनीनेही ते ऐकून घेऊन विसरून जाणे तितकेच शक्य होते. तसे झाले नाही. अभियंते नमुने घेऊन जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंग या धावपट्टीच्या लांबलचक, खडबडीत वळणांवर गेले आणि सांगाड्याचा ताठरपणा सुमारे निम्म्याने वाढवूनच त्यांनी काम थांबवले.

हा ताठरपणा मिळवणे सोपे नव्हते, कारण एनएसएक्सचे संपूर्ण अंग ॲल्युमिनियमचे होते आणि मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या गाडीत असा प्रयोग तोपर्यंत कोणी केला नव्हता. आसनांच्या मागे आडवे बसवलेले तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन, टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, आणि मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत बिनतक्रार चढत जाणारी व्हीटेकची, म्हणजे वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी रचना, हे सगळे त्या काळी इटालियन गाड्यांच्या मालकांना अस्वस्थ करणारे होते. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की ही गाडी रोज वापरता येत असे, तिच्या काचेतून चारी बाजूंचे नीट दिसत असे आणि ती उन्हाळ्यात गर्दीत अडकली तरी तापत नसे. मॅकलारेन एफ वन ही पुढे दंतकथा झालेली गाडी घडवणाऱ्या गॉर्डन मरे यांनी आपल्यासमोर मापदंड म्हणून एनएसएक्स ठेवली होती, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितले आहे.

म्हणजे सेन्नाचा आणि या गाडीचा संबंध जाहिरातीपुरता नव्हता. एखाद्या खेळाडूला कंपनीने गाडी भेट द्यावी, त्याने चावी हातात धरून छायाचित्र काढून घ्यावे आणि गाडी गोदामात पडून राहावी, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. इथे चालकाचे मत गाडीच्या धातूत उतरलेले आहे, आणि माझ्या मते किमतीचे खरे समर्थन मालकीपेक्षा या गोष्टीत अधिक आहे.

कारण मालकीचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. विक्रीस निघालेली लाल गाडी सेन्ना पोर्तुगालमधील आपल्या मुक्कामात वापरत असे. घराबाहेर हातात पाण्याचा पाइप धरून तो स्वतः ती धूत असल्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे आणि त्यात ती ओळखूही येते. परंतु कागदोपत्री ती त्याच्या नावावर नव्हती. ती त्याच्या एका निकटवर्तीयाच्या नावावर होती. चालवणारा सेन्ना, मालक दुसरा.

(दृश्य : तुर्भे औद्योगिक वसाहतीतील एका गॅरेजचे शटर वर जाते. आत एका परदेशी गाडीचे बॉनेट उघडे आहे.)

आपल्याकडे अशा प्रश्नाचा निकाल परिवहन कार्यालयात लागतो. नवी मुंबईच्या एमएच 43 मालिकेची गाडी एका नावावरून दुसऱ्या नावावर करायची असेल, तर नमुना 29 आणि नमुना 30 भरताना त्यावर चेसिस क्रमांकाची छाप लागते. मेकॅनिक बॉनेट उघडतो, पत्र्यावर ठोकलेले आकडे चिंधीने पुसतो, त्यावर पातळ कागदाची पट्टी दाबून धरतो आणि शिसपेन्सिल आडवी करून हलकेच घासतो. काळ्या छटेत एकेक आकडा पांढरा उमटत जातो. अर्धे आयुष्य ऑनलाइन झाले असतानाही ही छाप टिकून आहे, आणि ती टिकावी असेच वाटते, कारण संग्राहकांच्या जगातली मोठी मोठी लिलावगृहेही शेवटी हेच काम करतात. गाडीवरचा क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, नोंदणीपत्र, सर्व्हिसच्या पुस्तिकेतले शिक्के आणि जुन्या छायाचित्रातली नंबरप्लेट यांची साखळी कुठेही तुटता कामा नये. सेन्नाच्या गाडीच्या बाबतीत नोंदणीपत्र जे सांगत नाही ते चित्रफीत सांगते, आणि म्हणून तिथे चित्रफितीला दस्तऐवजाचे मोल आले आहे.

याच गॅरेजमध्ये रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र आहे, ज्याला इथे सगळे पेंट मीटर म्हणतात. कारखान्यातला मूळ रंग साधारणपणे शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. आकडा एकदम दुप्पट झाला की तिथे पुन्हा रंग मारलेला आहे, आणि आणखी वर गेला की आत पुट्टी आहे, हे शिकाऊ पोरगाही सांगू शकतो. मात्र लोखंडी पत्र्यासाठी बनवलेले स्वस्त मीटर ॲल्युमिनियमवर काम करत नाहीत, कारण ते चुंबकत्वावर चालतात. त्यासाठी वेगळ्या तत्त्वावर चालणारे, दोन्ही धातू ओळखणारे यंत्र घ्यावे लागते. एनएसएक्ससारख्या गाडीचे डेंटिंगही वेगळ्या हत्यारांनी करावे लागते. लोखंडावर वापरलेली कानस किंवा ब्रश तिथे लावला, तर लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि काही महिन्यांनी रंगाखालून पांढरट गंज फुगू लागतो. विजेत्या चालकाचे नाव त्या गंजाला थांबवू शकत नाही, आणि पाच लाख पौंड मोजणाऱ्याने आधी हेच तपासायला हवे.

(दृश्य : मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवरून धावणारी लाल-पांढरी शर्यतीची गाडी.)

किमतीला दुसरीही एक बाजू आहे. 1993 साली सेन्नाने मोनॅकोची शर्यत सहाव्यांदा जिंकली, ती मॅकलारेनची गाडी मे 2018 मध्ये मोनॅकोतच बोनहॅम्सच्या लिलावात सुमारे 42 लाख युरोंना गेली. त्या गाडीत इतिहास घडला होता. लाल एनएसएक्समधून तो फार तर बाजाराला, विमानतळावर किंवा समुद्राकाठी गेला असेल. दोन्ही किमतींमधले अंतर त्यामुळे मला योग्यच वाटते; उलट शर्यतीच्या गाडीत दुसऱ्या कोणालाही सहज बसता येत नाही आणि एनएसएक्समध्ये बसून पेट्रोल भरायला जाता येते, हा तिचा फायदा आहे.

भारतात या धर्तीचा सर्वांत गाजलेला व्यवहार आपल्या परिचयाचा आहे. 2002 साली ब्रॅडमन यांच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकर यांना फियाट कंपनीने फेरारी 360 मोडेना देऊ केली आणि सिल्व्हरस्टोन येथे ती त्यांच्या हाती सोपवली खुद्द फेरारीचे शर्यतचालक मायकेल शूमाकर यांनी. एक कोटी तेरा लाखांच्या आसपासचे सीमाशुल्क माफ करण्यावरून वादंग उठले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर शुल्क कंपनीनेच भरले. 2011 मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. शूमाकर तिचे मालक कधीच नव्हते, तरीही तिची गोष्ट सांगताना त्यांचे नाव वगळले जात नाही.

(दृश्य : न्हावाशेवा बंदर. कंटेनर उचलणाऱ्या क्रेन.)

नवी मुंबईतल्या एखाद्या हौशी धनिकाने लाल एनएसएक्स घ्यायचे ठरवलेच, तर ती इथे आणण्याचा मार्ग जवळजवळ बंद आहे. आपल्या आयातधोरणानुसार वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही, तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे लागते आणि ती उतरवायची मुंबई बंदरातच; खाडीपलीकडचे न्हावाशेवा नव्या गाड्यांना खुले आहे, जुन्यांना नाही. पोर्तुगालची गाडी असल्याने सेन्नाच्या एनएसएक्सचे स्टिअरिंग अर्थातच डावीकडे आहे. 2025च्या सुरुवातीला सरकारने पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्यांसाठी वाट मोकळी केली, परंतु 1991च्या गाडीला त्या अटीत बसायला 2041 उजाडावे लागेल. तात्पुरत्या परवानगीवर, म्हणजे कार्नेवर, काही महिन्यांसाठी गाडी आणता येते. पण ती मुदतीत परत न्यावी लागते आणि इथे कोणाच्या नावावर करता येत नाही.

तुर्भ्याच्या गॅरेजमधल्या ज्येष्ठ मेकॅनिकला ही सगळी हकिकत सांगितल्यावर त्यांनी सेन्नाबद्दल काहीच विचारले नाही. या इंजिनाला साखळी नसून टायमिंग बेल्ट आहे, तो गाडी उभी असली तरी वयाने कडक होतो, आणि तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात; तेव्हा तो शेवटचा कधी बदलला आणि त्याचे बिल आहे का, एवढेच त्यांना हवे होते.