ग्लेशियल ॲसिटिक आम्ल: या नावात दडलंय काय?

नमस्कार, श्रोतेहो. प्रयोगशाळेतल्या कपाटात ‘ग्लेशियल ॲसिटिक आम्ल’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली हमखास सापडते. आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव. मग हिमनदीशी नातं सांगणारं हे विशेषण त्याला कशासाठी?

व्हिनेगरला आंबटपणा देणारं आम्ल ते हेच. पण व्हिनेगरमध्ये ते शेकडा चार-पाच भाग, बाकी जवळपास सगळं पाणी. पाणी काढून टाकलेलं शुद्ध आम्ल मात्र १६.६ अंश सेल्सिअसलाच गोठतं. खोली जरा गार पडली की बाटलीत पांढरे, बर्फासारखे स्फटिक धरू लागतात. बर्फाशी साम्य दिसण्यापुरतंच बरं का! पाणी गोठताना फुगतं, हे आम्ल आकसतं. त्यामुळे त्याचे स्फटिक तरंगत नाहीत, तळाशी बसतात.

१७८९ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये योहान टोबियास लोविट्झ यांनी असं स्फटिकरूप आम्ल मिळवलं. जर्मन भाषेत त्याला ‘आइसएसिग’, म्हणजे बर्फाचं व्हिनेगर, म्हणतात.

मला हे नाव फार आवडतं, कारण शुद्धतेची कसोटीच त्यात सांगितलेली आहे. शंभरात एक भाग पाणी मिसळलं तरी गोठणबिंदू सुमारे दोन अंशांनी खाली येतो. म्हणजे १६ अंशांच्या वर गोठणाऱ्या आम्लात पाणी नावालाच असणार.

इथे विद्यार्थ्यांचा एक घोटाळा नेहमी होतो. ग्लेशियल म्हणजे तीव्र, असं ते धरून चालतात. संहत आणि तीव्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ल किती भरलंय हे संहतपणा सांगतो. पाण्यात त्याचे किती रेणू हायड्रोजन आयन, म्हणजे हायड्रोजनचे विद्युतभारित कण, सोडतात, हे तीव्रता. ॲसिटिक आम्ल सौम्यच: एक मोलर द्रावणात, म्हणजे लिटरभर द्रावणात सुमारे साठ ग्रॅम आम्ल असताना, हजारातले जेमतेम चार रेणू आयन देतात. ग्लेशियल आम्लात तर पाणीच नाही, त्यामुळे आयन इतके थोडे की त्यातून वीजही धड वाहत नाही. पाणी घाला, आणि वाहकता वाढू लागते!

पण ‘सौम्य’ या शब्दावर विसंबून हात घालू नका. हे आम्ल कातडी भाजतं, त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. बाटली गोठलीच, तर कोमट पाण्यात उभी करून वितळवावी, ज्योतीजवळ मुळीच नेऊ नये. ४० अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते.