चाळीची गॅलरी आणि ‘कथा’

मित्रहो, आत्ता आपण सगळ्यांनी मिळून सई परांजपे यांचा ‘कथा’ पाहिला. या सभागृहात जिथे जिथे हशा पिकला, तिथे पडद्यावर नेमके काय घडत होते, हे जरा आठवून पाहावे. एक पाहुणा यजमानाच्या खोलीत ठाण मांडून बसला होता, त्याच्या वस्तू आपल्याच समजून वापरत होता, आणि यजमानाला ‘आता पुरे’ एवढे दोन शब्द उच्चारता येत नव्हते. हा त्रास असा, की त्याची तक्रार करायला गेले तर आपणच कोत्या मनाचे ठरतो. म्हणून माणूस तो गिळतो. ज्या गाऱ्हाण्याला घरात, कचेरीत, कुठेच दाद मिळत नाही, त्याला या चित्रपटाने दाद दिली, हे मला त्याचे सर्वांत मोठे काम वाटते.

१९८३ सालचा हा हिंदी चित्रपट मुळात आपल्या मराठी रंगभूमीवरून आलेला आहे. शं. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावर तो आधारलेला आहे, आणि सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. नसीरुद्दीन शाह यांचा राजाराम हे कासव, तर फारूख शेख यांचा बाशू हा ससा. गोष्टीतला ससा झोपतो आणि हरतो. इथला ससा मात्र थापा मारत चाळीची मने जिंकतो, राजारामच्याच कंपनीत त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि ज्या संध्येवर राजारामचा जीव जडलेला आहे, तिलाही भुरळ घालतो.

या चित्रपटाला मोठा खर्च लागला नाही, कारण त्याला जे हवे होते ते चाळीत आयतेच होते. माझे बालपण गिरगावातल्या एका चाळीत गेले, त्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकतो. पहाटे नळ आला की पितळी पिंपात पडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून कोणाचे पिंप किती भरले, हे अंथरुणातूनच कळत असे. शेजारच्या बादलीची पाळी चुकली तर त्या दोन वाक्यांच्या भांडणाला सबंध मजला साक्षीदार असे. गॅलरी ही तिथली वाट, तीच बैठकीची खोली आणि तीच प्रेक्षागृहातली पहिली रांग. कोणाचीही फजिती खासगी राहू शकत नाही, आणि फजितीला बघणारा मिळाला की तिचा विनोद होतो. दिग्दर्शिकेने हे अचूक ओळखले. राजारामची कुचंबणा एकट्याची राहिली असती, तर ती केवळ दुःखाची गोष्ट झाली असती. पण ज्या शेजाऱ्यांदेखत ती घडते, तेच शेजारी बाशूवर लट्टू असतात, म्हणून आपल्याला हसूही येते आणि राजारामसाठी जीवही तुटतो. पैसा अधिक असता तर कदाचित हीच गोष्ट मोठ्या बंगल्यात गेली असती, आणि मग एका खोलीत दोन माणसे अडकल्याची ही घुसमट उरलीच नसती.

माझ्या मते चित्रपटाचा कस लागतो तो बाशू निघून गेल्यानंतर. लग्न ठरवून तो पसार होतो आणि संध्येची अब्रू त्याच गॅलरीत उघड्यावर पडते. दीप्ती नवल यांची संध्या राजारामपासून काहीही लपवून ठेवत नाही. बाशूशी आपले संबंध कुठवर गेले होते, हे ती त्याला सांगते आणि तो तिला स्वीकारतो. इतका वेळ ज्याला आपण भिडस्त, मवाळ म्हणून हसत होतो, त्याच्या त्याच मवाळपणात ही ताकद होती. ज्याला पाहुण्याला ‘नाही’ म्हणता आले नाही, त्याने या मुलीलाही ‘नाही’ म्हटले नाही, आणि मघाशी त्याच्या भिडस्तपणावर खळखळून हसलेले हे सभागृह त्या क्षणी अगदी शांत झाले होते.